तरुण मुलाच्या छातीत अचानक हवा: नळी, वाट पाहणं की ऑपरेशन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात इंजिनिअरिंग शिकणारा धाकटा भाऊ, वय २१, उंची सहा फूट, वजन ५६ किलो. आधी कसलाही आजार नाही. सकाळी दात घासताना डाव्या छातीत एकदम कळ आली. घरच्यांनी उसण भरली असेल म्हणून शेक दिला, मग गॅसची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुखणं बरंच उतरलं, पण तिसऱ्या दिवशी कॉलेजचा जिना चढताना धाप लागली. एक्स-रेत डावं फुफ्फुस आक्रसलेलं आणि भोवती हवा दिसली. छातीत नळी टाकून आज तिसरा दिवस आहे आणि खोकलं की नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत अजून बुडबुडे येतात. एक डॉक्टर थांबा म्हणतात, दुसरे पुण्याला नेऊन दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या म्हणतात. काकांचं मत टीबीच असणार, कोर्स सुरू करा. आईला वाटतं हे जिममुळे झालं. शिवाय तो 'कधीमधी' सिगारेट ओढतो.

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात म्हणून तुम्ही गोंधळला आहात, ते साहजिक आहे. पण तिसऱ्या दिवशी या दोन सल्ल्यांमधलं अंतर तुम्हाला वाटतं तेवढं नाही. एक डॉक्टर आजचं बोलत आहेत, दुसरे दोन-चार दिवसांनंतरचं. एक्स-रे आणि मुलगा दोन्ही समोर नसताना कोण बरोबर ते मी सांगणार नाही. निर्णय कशावरून होतो ते मात्र नीट सांगता येईल, म्हणजे उद्याच्या राउंडला नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

आधी आत काय झालंय ते बघू. फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून दुसरं. दोघांच्या मध्ये जेमतेम काही मिलिलिटर पाण्याचा थर असतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. फुफ्फुसाचा स्वभाव आक्रसण्याचा, छातीच्या भिंतीचा बाहेर ताणण्याचा. या ओढाताणीमुळेच फुफ्फुस उघडं राहतं. फुफ्फुसाच्या पृष्ठभागावर कुठे छिद्र पडलं की श्वासातली हवा या फटीत शिरते, ओढ सैल पडते आणि फुफ्फुस आपल्याच लवचिकतेने मिटत जातं. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. मार नाही, अपघात नाही, फुफ्फुसाचा ठाऊक असलेला आजार नाही, तरीही झालं तर तो प्राथमिक प्रकार.

छिद्र पडतं ते बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला, गळ्याच्या हाडामागे. तिथे आवरणाखाली हवेचे छोटे फोड असतात, काही मिलिमीटरपासून एक-दोन सेंटीमीटरपर्यंतचे. बसलेल्या किंवा उभ्या माणसात फुफ्फुसाचं वरचं टोक तळापेक्षा जास्त ताणलेलं असतं, आणि छाती जितकी लांब तितका हा ताण वाढतो. म्हणून हा आजार उंच, शिडशिडीत, विशी-पंचविशीच्या मुलांत जास्त दिसतो. तुमचा भाऊ वर्णनाबरहुकूम बसतो.

आता आईची शंका. वजन उचलल्यामुळे फोड फुटला हे ऐकायला पटतं, पण प्रत्यक्षात बहुतेक मुलांना ही कळ विश्रांतीत किंवा अगदी साध्या हालचालीत येते: झोपेतून उठताना, मोबाईल बघत पडलेलं असताना, दात घासताना. जिमला दोष देऊन घरात वाद घालण्यात अर्थ नाही. मोठ्या आवाजाच्या स्पीकरच्या भिंतीजवळ उभं राहिल्यावर असं झाल्याच्या मोजक्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मिरवणुकीत डीजेपुढे उभं राहू नका हे सांगायला मला तेवढं निमित्त पुरतं, पण कारण म्हणून ते फार दुबळं आहे. सूतगिरणीची किंवा टॉवेलच्या कारखान्यातली धूळ छाती आवळण्याचा, खोकल्याचा वेगळा त्रास देते. तो आजार वेगळा, त्याची सांगड इथे घालू नये.

खरं कारण, जे हातातलं आहे, ते सिगारेट. स्वीडनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना हा आजार होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे २२ पट आढळला, बायकांमध्ये ९ पट. दिवसाला डझनभरापर्यंत ओढणाऱ्यांतही तो कित्येक पटींनी वाढतो, म्हणून 'कधीमधी'ला फार किंमत देऊ नका. बिडी त्याच हिशेबात. गांजाचा धूर आणखी वाईट, कारण तो खोल ओढून आत धरून ठेवतात. त्याला एकट्याला गाठून हे विचारा. आई-वडिलांसमोर कुठलाही मुलगा खरं सांगत नाही.

उसण समजण्याची चूक इतकी सर्रास होते की त्याबद्दल दोन शब्द. उसणीत ठरावीक जागा दाबली की दुखतं, वळलं-वाकलं की कळ येते आणि दम लागत नाही. न्यूमोथोरॅक्समध्ये कळ क्षणात येते, एकाच बाजूला, खांद्याकडे किंवा पाठीकडे जाते, खोल श्वास घेतला की टोचते, पण छाती दाबून फारसा फरक पडत नाही. काहींना कोरडा खोकला येतो. फसवी गोष्ट पुढे आहे: चोवीस तासांत दुखणं बरंच कमी होतं, हवा मात्र तिथेच असते. तरुण, निरोगी शरीर एका फुफ्फुसावर सहज भागवतं, त्यामुळे बसल्या जागी काही जाणवत नाही आणि जिन्यावर जाणवतं. तुमच्या घरी नेमकं हेच झालं. दुखणं थांबलं म्हणजे हवा गेली असं समजायचं नाही, हे पुढेही उपयोगी पडेल.

तपासणीत पहिला एक्स-रे उभं राहून, पूर्ण श्वास घेऊन काढलेला पाहिजे. पडून काढलेल्या फिल्ममध्ये हवा पुढच्या बाजूला पसरते आणि सुटू शकते. श्वास सोडून वेगळी फिल्म काढायची पूर्वी पद्धत होती, तिची गरज नाही. फिल्मवर फुफ्फुसाच्या कडेची केसासारखी बारीक पांढरी रेघ शोधायची आणि त्या रेघेपलीकडे रक्तवाहिन्यांची जाळी दिसते का ते बघायचं. जाळी नसेल तर ती हवा. पाठीच्या फऱ्याची कड किंवा कातडीची घडी अशीच रेघ पाडते, पण तिच्या बाहेरही जाळी दिसत राहते. खरी गफलत होते ती मोठ्या फुग्याची. फुफ्फुसातलाच एखादा भला मोठा हवेचा फुगा न्यूमोथोरॅक्ससारखा दिसतो, आणि त्यात नळी घातली तर नसलेलं छिद्र आपणच पाडतो. रेघेचा आकार नेहमीच्या उलट, छातीच्या भिंतीकडून बघता खोलगट दिसत असेल तर आधी सीटी, मग नळी. सोनोग्राफीतही चांगलं निदान होतं: दोन आवरणांचं एकमेकांवर घासणं थांबलेलं दिसतं.

एक परिस्थिती अशी की जिथे एक्स-रेची वाटही बघायची नाही. छिद्र एकमार्गी झडपेसारखं वागलं की हवा आत जाते, बाहेर येत नाही, दाब वाढत जाऊन हृदयाकडे येणाऱ्या रक्ताची वाट आवळली जाते. माणूस घामाघूम होतो, नाडी धावते, रक्तदाब पडतो, ओठ निळसर होतात, बोलताना वाक्य पूर्ण होत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी तिथल्या तिथे जाड सुईने हवा सोडायची असते. प्राथमिक प्रकारात हे क्वचित होतं, पण होतं. घरी असं दिसलं तर दुचाकीवर मधे बसवून न्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

आता उपचार. इथे गेल्या काही वर्षांत विचार बराच बदलला आहे आणि तुम्हाला मिळणाऱ्या वेगवेगळ्या सल्ल्यांचं मूळही तिथेच आहे. पूर्वी फिल्मवर पट्टी ठेवून हवा मोजायची आणि दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त भरली की काहीतरी करायचं अशी रीत होती. आता मोजमाप दुय्यम आणि माणसाची अवस्था आधी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ३१६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मध्यम ते मोठा न्यूमोथोरॅक्स, वय १४ ते ५०. अर्ध्यांना लगेच नळी, अर्ध्यांना फक्त देखरेख. देखरेखीच्या गटातल्या सुमारे ८५ टक्क्यांना पुढे नळी लागलीच नाही, आणि आठ आठवड्यांत ९४ टक्क्यांचं फुफ्फुस आपोआप फुललं. नळीच्या गटात हा आकडा ९८ होता. वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात उलट कमी निघालं, जवळपास ९ टक्के विरुद्ध १७.

हे वाचून 'मग आमच्या मुलाला उगीच नळी टाकली' असं कृपा करून म्हणू नका. त्या चाचणीतल्या मुलांना निदान चार तास रुग्णालयात बसवून ठेवलं होतं, पुन्हा एक्स-रे काढला होता, ऑक्सिजनशिवाय आरामात चालता येतं याची खात्री केली होती आणि मगच घरी सोडलं होतं. तुमच्या भावाला जिना चढताना धाप लागत होती. अशा मुलाला काहीतरी करणं रास्तच. शिवाय घर कुठे आहे हेही बघावं लागतं. सात रस्त्याजवळ राहणारा, घरात गाडी असलेला मुलगा आणि अक्कलकोट किंवा करमाळा तालुक्यातल्या वस्तीवरचा, रात्री गाडी मिळायला तासभर लागणारा मुलगा: फिल्म एकसारखी असली तरी दोघांना मी एकच सल्ला देणार नाही. पहिल्याला घरी पाठवता येईल, दुसऱ्याला दोन-तीन रात्री रुग्णालयात ठेवणं बरं, किंवा निदान गावातल्या नातेवाइकाकडे.

नुसती वाट पाहायची ठरली तर किती दिवस, हा हिशेब सोपा आहे. अडकलेली हवा रक्तात शोषली जाते, दिवसाला त्या बाजूच्या छातीच्या आकारमानाच्या साधारण सव्वा ते दोन टक्के. म्हणजे २० टक्के भरलेली हवा जायला दहा ते सोळा दिवस, आणि फुफ्फुस पूर्ण मिटलं असेल तर पावणेदोन ते अडीच महिने. जास्त प्रमाणात ऑक्सिजन दिल्यास हा वेग वाढतो, कारण रक्तातला नायट्रोजन कमी होऊन छातीतला नायट्रोजन तिकडे ओढला जातो. तरी केवळ तेवढ्यासाठी धडधाकट मुलाला आठवडाभर मास्क लावून निजवण्यात मला हशील दिसत नाही.

वाट पाहणं आणि नळी यांच्या मधला मार्ग म्हणजे सुईने हवा ओढून काढणं. बारीक कॅन्युला (सुईवरून आत सरकवायची प्लास्टिकची नळी) दुसऱ्या बरगडीखालच्या फटीत किंवा काखेच्या त्रिकोणात घालायची, तीन तोंडांच्या तोटीने सिरिंजमागून सिरिंज हवा काढायची. दोन-अडीच लिटर काढूनही संपत नसेल तर छिद्र उघडं आहे असं समजून थांबायचं आणि नळी टाकायची. निम्म्याहून जास्त जणांचं यावर भागतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. आपल्याकडे हे जितकं व्हायला हवं तितकं होत नाही, सरळ आयसीडीकडे, म्हणजे छातीत नळी टाकण्याकडे, हात जातो.

तुमच्याकडे नळी पडलेलीच आहे, तेव्हा आता तिच्याबद्दलच सविस्तर. नुसत्या हवेसाठी बारीक नळी पुरते, १२ किंवा १४ फ्रेंचची पिगटेल, म्हणजे टोकाला वळलेली नळी. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, यावरून जाडी काढा. रक्त किंवा पू असेल तर जाड लागते. २८ फ्रेंचची नळी टाकली असेल तर चूक झाली असं नाही, फक्त दुखणं जास्त. दुखत असेल तर वेदनाशामक वेळच्या वेळी मागून घ्या, कारण दुखण्याच्या भीतीने पोरगा खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि फुफ्फुस फुलायला उशीर होतो.

बाटलीकडे बघायला शिका. आतली काचेची किंवा प्लास्टिकची दांडी पाण्यात साधारण दोन सेंटीमीटर बुडालेली हवी. कमी बुडाली तर बाटली कलली की हवा उलटी जाईल, जास्त बुडाली तर छातीतल्या हवेला बाहेर पडायला जोर लागेल. दांडीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली होतं का हे बघा. होत असेल तर नळी मोकळी आहे. हलत नसेल तर दोन शक्यता: फुफ्फुस पूर्ण फुलून नळीला टेकलं, किंवा नळी वाकली, अडकली, तुंबली. कुठलं ते एक्स-रे सांगतो. मग बुडबुडे. प्रत्येक श्वासाला येतात, फक्त खोकल्यावर येतात, की अजिबात नाहीत? कालच्या तुलनेत? हे तुम्ही वहीत दिवसातून दोनदा लिहून ठेवलंत तर राउंडला येणाऱ्या डॉक्टरांचं काम सोपं होईल. तुमच्या वर्णनात फक्त खोकल्यावर येतात असं आहे. हे चांगलं लक्षण, छिद्र लहान होत आलंय.

पण बुडबुडे आले म्हणजे फुफ्फुसच गळतंय असं धरून चालू नये. नळीच्या बाजूला छिद्रं असतात. नळी दोन-तीन सेंटीमीटर बाहेर सरकली की शेवटचं छिद्र कातडीबाहेर येतं आणि खोलीतली हवा ओढली जाते. जोडाच्या ठिकाणची चिकटपट्टी सैल झाली तरी तेच. डॉक्टर छातीजवळ नळी क्षणभर चिमटीत धरून बघतात: बुडबुडे थांबले तर हवा आतून किंवा जखमेकडून येतेय, चालूच राहिले तर जोडात दोष आहे. हे त्यांनीच करायचं, नातेवाइकांनी नाही. बाहेरच्या गळतीवर ऑपरेशनची चर्चा सुरू होणं म्हणजे पैशाचा आणि मनस्तापाचा चुराडा, म्हणून 'नळीची जागा एक्स-रेत तपासली का' हा प्रश्न आधी विचारा.

मशीन लावून जोराने ओढून घ्या असा आग्रह धरू नका. फुफ्फुस तीन दिवस किंवा जास्त मिटलेलं असताना एकदम फुलवलं तर त्यात पाणी झिरपतं, खोकल्याची ढास लागते, फेसाळ थुंकी येते, ऑक्सिजन खाली जातो. हा धोका तरुणांतच जास्त. तुमच्या भावाचं निदान तिसऱ्या दिवशी झालं, म्हणून पहिले दोन दिवस साध्या बाटलीवर ठेवलं असेल तर ते विचारपूर्वक केलंय. ४८ तासांनंतरही फुफ्फुस पूर्ण फुलत नसेल तर सौम्य ओढ लावतात, १० ते २० सेंटीमीटर पाण्याइतकी.

पुण्याला हलवायचं ठरलंच तर एक गोष्ट फळ्यावर लिहून ठेवा: बुडबुडे येणारी नळी प्रवासासाठी चिमटा लावून बंद करायची नाही. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास. बाटली सांडेल, रुग्णवाहिकेत अडचण होईल म्हणून सर्रास चिमटा लावतात, आणि गळती चालू असेल तर इंदापूर येईपर्यंत छातीत दाब वाढलेला असतो. बाटली उभी, छातीच्या पातळीखाली, पट्ट्याने बांधलेली ठेवायची. त्यापेक्षा सोयीचं म्हणजे एकमार्गी झडपेची पिशवी किंवा हायमलिक व्हॉल्व्ह लावून घेणं. बाटली उचलून स्ट्रेचरवर, मुलाच्या पोटावर ठेवतात तेही टाळायला सांगा, पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. वाटेत बाटली फुटली तर नळीचं टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत दोन सेंटीमीटर बुडवून धरायचं. नळीच निसटली तर जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून तीन बाजूंनी चिकटपट्टी, चौथी बाजू मोकळी, आणि जवळच्या रुग्णालयात.

ऑपरेशन केव्हा? गळती पाच-सात दिवस थांबली नाही किंवा फुफ्फुस फुललंच नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. शल्यविशारदाशी बोलणं मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सुरू करावं, म्हणजे ऐनवेळी धावाधाव होत नाही. म्हणूनच वर म्हटलं की तुमच्या दोन डॉक्टरांचे सल्ले एकमेकांच्या फार विरोधात नाहीत. याशिवाय त्याच बाजूला दुसऱ्यांदा, किंवा आता दुसऱ्या बाजूला पहिल्यांदा झालं, दोन्हीकडे एकाच वेळी झालं, हवेबरोबर रक्तही साचलं, किंवा पाणबुडे, वैमानिक असा व्यवसाय असला तर ऑपरेशनकडे कल जातो. पहिल्याच वेळी, गळती थांबलेली असताना, सगळ्यांचं ऑपरेशन करावं असं माझं मत नाही: निम्म्याहून कितीतरी जास्त मुलांना ते पुन्हा होतच नाही. पण ज्याला पुन्हा होण्याची धास्ती जगू देत नाही, किंवा जो वर्षभर बोटीवर, दुर्गम जागी कामाला जाणार आहे, त्याच्या बाबतीत पहिल्या वेळीही चर्चा करायला हरकत नाही. निवड त्याची, तुमची किंवा काकांची नाही. तो २१ वर्षांचा आहे.

ऑपरेशनमध्ये काय करतात? पूर्ण भूल, दोन-तीन छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं. वरच्या टोकाचा फोडांचा भाग स्टेपलरने कापून बंद करतात. तेवढ्यावर थांबलं तर पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त राहतं, म्हणून छातीच्या आतल्या आवरणाला खरवडतात किंवा वरचा भाग सोलून काढतात, म्हणजे फुफ्फुस तिथे कायमचं चिकटतं. सर्जनला हे दुसरं पाऊल काय करणार ते नक्की विचारा. टाल्कची भुकटीही वापरतात. त्यानंतर पुन्हा होण्याचं प्रमाण काही टक्क्यांवर येतं. त्याची किंमत म्हणजे काही दिवस चांगलं दुखणं आणि काहींना छातीवर कित्येक महिने राहणारी बधिरता. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर रुग्णाचंच रक्त नळीतून सोडून छिद्र बंद करायचा उपायही आहे. महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतं का हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर कागद जुळवणं जड जातं.

आता काका. त्यांची शंका अगदीच निराधार नाही. १९३२ साली डेन्मार्कच्या हान्स कियरगार यांनी निरोगी माणसांतही हे होतं असं मांडेपर्यंत जगभर ते टीबीमुळेच होतं असं मानत. आपल्याकडे आजही टीबी हे दुय्यम, म्हणजे फुफ्फुसाच्या आजारातून होणाऱ्या, न्यूमोथोरॅक्सचं मोठं कारण आहे. पण टीबी असेल तर काहीतरी खूण सापडते: आठवडे चाललेला खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, फिल्मवर डाग किंवा पोकळी, बाटलीत येणारं पाणी, थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत जंतू. फुफ्फुस फुलल्यानंतरची फिल्म स्वच्छ असेल, थुंकी निघतच नसेल, ताप नसेल, तर 'असू दे, खबरदारी म्हणून' सहा महिन्यांचा कोर्स देऊ नये. यकृताला त्रास होऊ शकतो, शिवाय खरं निदान झाकलं जातं. सीटी काढायचाच तर फुफ्फुस फुलल्यावर काढावा, मिटलेल्या फुफ्फुसात फोड आणि जुने व्रण नीट दिसत नाहीत. पहिल्या वेळी सगळ्यांना सीटी लागतोच असं नाही. फिल्मवर काही संशयास्पद असेल, घरात आणखी कुणाला असं झालं असेल किंवा ऑपरेशन ठरत असेल तर काढावा.

उंच, बारीक मुलगा म्हटलं की मी आणखी एक गोष्ट बघतो. भिंतीला पाठ लावून, हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. हे अंतर उंचीपेक्षा ठळकपणे जास्त भरलं, म्हणजे सहा फुटी मुलात साधारण नऊ-दहा सेंटीमीटरने, किंवा मुठीत दाबलेला अंगठा करंगळीकडच्या बाजूने बाहेर आला, चष्म्याचा नंबर मोठा असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर मार्फान या शरीरातले जोडणारे धागे कमकुवत करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा विचार करून हृदयाची इको करून घ्यावी. फुफ्फुस बरं होईल, पण महाधमनी रुंद असेल तर ते कळलेलं बरं. बहिणीला किंवा बायकोला हा त्रास झाला तर प्रश्न वेगळे: पाळीच्या आसपास, विशेषतः उजव्या बाजूला झालं का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुन्हा होईल का? पहिल्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला होतं आणि त्यातले बहुतेक पहिल्याच वर्षात. सिगारेट पूर्ण सोडली तर हा धोका बराच उतरतो, कमी केली तर काय होतं याच्या फंदात पडू नका. वजन वाढवून, प्रोटीन पावडर खाऊन काही फरक पडत नाही.

घरी आल्यावर चालणं-फिरणं पहिल्या दिवसापासून. कॉलेज आठवडाभरात. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण फुललेलं दिसेपर्यंत कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं, फुगे फुगवणं, बासरी-सनई, ढोलपथक सगळं बंद. जिममध्ये त्यानंतर दोन आठवडे हलकं, जड वजनं आणि कबड्डी-कुस्ती महिना-दीड महिन्याने. या मुदतींमागे भक्कम शास्त्र आहे असा दावा मी करणार नाही, त्या सावधगिरीच्या आहेत. विमानाबाबत मात्र नियम कडक: फिल्म स्वच्छ झाल्यानंतर निदान एक आठवडा नाही, आणि काही विमान कंपन्या दोन मागतात. उंचीवर केबिनमधला दाब कमी होतो आणि उरलेली हवा फुगते. रेल्वेला, एसटीला, खंडाळ्याच्या घाटाला हरकत नाही, तिथली उंची या हिशेबात किरकोळ आहे. मित्रांबरोबर तारकर्लीला गेला तर समुद्रात पोहू दे, पण स्कूबा डायव्हिंग आयुष्यभर नाही. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन होऊन, फुफ्फुसांची तपासणी नॉर्मल येऊन तज्ज्ञांनी लेखी परवानगी दिली तरच अपवाद. तिथले फॉर्म भरताना पोरं 'आजार नाही' वर खूण करून मोकळी होतात, त्याला आताच बजावा.

नळी काढण्याचा क्रम असा असावा: बुडबुडे बंद, एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण फुललेलं, तरी साधारण एक दिवस थांबणं, मग नळी बाहेर आणि पुन्हा एक एक्स-रे. जखमेचा टाका आठ-दहा दिवसांनी काढायचा. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी एक फिल्म. डिस्चार्जच्या वेळी सगळ्या फिल्म किंवा त्यांची सीडी मागून घ्या आणि पहिल्या व शेवटच्या फिल्मचे फोटो त्याच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुन्हा तशीच कळ, कुठल्याही बाजूला, तर शेक नाही, गोळी नाही, त्याच दिवशी उभं राहून एक्स-रे, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की आधी न्यूमोथोरॅक्स झाला होता.